मान हलली की थांबायचं

१ मार्च, शनिवार

खांदा: सहा.

ही वही फिजिओथेरपीच्या बाईंनी घ्यायला लावली. रोज खांदा किती दुखला ते शून्य ते दहा अशा आकड्यात लिहायचं, आणि दिवसभरात हाताने काय काय केलं तेही. वही बघून त्या ठरवणार की मी चेलो वाजवत राहायचं की नाही. तर आज हाताने काय केलं? आठ स्वर वाजवले. सकाळच्या लग्नात आठ, दुपारच्या लग्नात तेच आठ.

बाईंसाठी खुलासा करतो. आम्ही चौघं लग्नांत वाजवतो, बावीस वर्षं झाली. पहिलं व्हायोलिन दातवाल्यांचं. ते आठवडाभर लोकांचे दात काढतात आणि शनिवारी आमच्या चुका. दुसरं व्हायोलिन पोस्टाच्या बाईंचं. व्हिओला मौनीचा, त्याचं खरं नाव काय ते आता त्यालाही आठवत नसेल. चेलो माझा. यादीत सतरा तुकडे आहेत. त्यांची खरी नावं लांबलचक आहेत, ती कागदावरच राहतात. आम्ही आपसात ‘आठांचा’, ‘एका तारेचा’, ‘सहीचा’, ‘बाहेरचा’ असं म्हणतो. नवरी हॉलमध्ये चालत येते तेव्हा दहातली नऊ लग्नं आठांचाच मागतात. त्यात वरचे तिघं एकमेकांच्या मागे धावतात, वळतात, नक्षी काढतात. खाली चेलोला फक्त आठ स्वर. आठ संपले की पुन्हा तेच आठ. पूर्ण वाजवला तर अशा अठ्ठावीस फेऱ्या होतात. बावीस वर्षांचा हिशेब मी करत नाही, खांद्याने केलाच आहे.

८ मार्च, शनिवार

खांदा: सात. एकच लग्न होतं, पण हॉलची लिफ्ट बंद होती आणि चेलो पाठीवर घेऊन तीन जिने चढलो.

लग्नानंतर पुढच्या महिन्यातलं एक जोडपं संगीत निवडायला आलं. मुलगी म्हणाली, “आम्हाला काहीतरी वेगळं हवंय. सगळे वाजवतात ते नको.” पोस्टाच्या बाईंनी यादीतलं एकेक वाजवून दाखवलं. एक उदास वाटलं, एक फारच घाईचं, एक मुलाच्या काकांना आवडणार नाही. शेवटी मुलीने विचारलं, “तो एक असतो ना, हळूहळू वर चढत जातो तो?” मौनीने माझ्याकडे बघितलं. मी गजाला राळ लावली.

त्यांना आमची पद्धत समजावली. वरच्या तिघांची नजर कागदावर असते. मला कागद लागत नाही, म्हणून नवरी कुठवर आली हे बघायचं काम माझं. ती सहीच्या टेबलाशी पोचली की मी मान हलवतो, एकदाच, हनुवटी छातीला लागेपर्यंत. मान हलली की सगळ्यांनी थांबायचं, कोणी कितीही नक्षीत असलं तरी. नवरा म्हणाला, “म्हणजे सगळं तुमच्या मानेवर आहे.” मी म्हटलं, खांद्यावर आहे म्हणा.

१६ मार्च, रविवार

खांदा: पाच.

लेक जेवायला आली आणि भात वाढता वाढता म्हणाली, “मी लग्न करतेय. चौदा मेला.” मुलगा माहितीतलाच आहे. नकाशे काढायच्या कचेरीत काम करतो, शांत आहे, एकदा आमच्या नळाची गळती बंद करून गेला होता. हिचे, म्हणजे माझ्या बायकोचे, डोळे लगेच भरले. मला आनंद झाला, खरंच झाला, आणि त्याच दमात मी कॅलेंडर बघितलं. चौदा मे म्हणजे बुधवार.

“बुधवारी कोण लग्न करतं?” मी विचारलं.

“मी. शनिवार नकोच होता मला.”

शनिवारी आम्हाला दुसरीकडे वाजवायचं असतं, त्याची अडचण नको म्हणून पोरीने बुधवार धरला असणार. एवढा विचार करते. मी म्हटलं, मग आठांचा वाजवू, पूर्ण अठ्ठावीस फेऱ्या, तू सावकाश चाल. तर म्हणाली, “बाबा, चालताना मला काहीच नकोय. शांतच जायचंय.”

“काहीच म्हणजे?”

“काहीच. जेवताना वाजवा हवं तर.”

जेवताना वाजवा! चमच्यांच्या खणखणाटात. ती कान तपासण्याच्या दवाखान्यात काम करते; काचेच्या बंद खोलीत दिवसभर लोकांच्या कानात टूं-टूं आवाज सोडते. त्यामुळे शांततेची सवय झाली असेल. पण तोंडात मारल्यासारखं झालं, हे इथे लिहून ठेवतो. परक्यांच्या मुलींसाठी बावीस वर्षं वाजवलं आणि स्वतःच्या मुलीला ते नको आहे. तिला लाज वाटते का माझी?

१७ मार्च, सोमवार

खांदा: पाच. काही केलं नाही. ही म्हणाली, “तिला विचारा ना का ते.” मी म्हटलं, विचारायचं काय, नको म्हणाली म्हणजे नको.

२५ मार्च, मंगळवार

खांदा: सहा.

सरावाला सगळे दातवाल्यांच्या दवाखान्यात जमतो, खुर्च्या तिथे फुकट मिळतात आणि शेजारी आवाजाची सवय असलेले. लग्नाचं सांगितलं. पोस्टाच्या बाईंनी मला मिठीच मारली. दातवाले म्हणाले, “शांत? लग्नात शांत कोण चालतं? अरे, लोक खोकतात, खुर्च्या करकरतात, कुणाचा तरी फोन वाजतो. तिला कल्पना नाही. तू समजाव.”

मी ठरवलं, समजावायचं. मौनी व्हिओला पुसत होता. त्याला विचारलं, तुझं काय मत? त्याने खांदे उडवले. निदान त्याला खांदे उडवता तरी येतात.

५ एप्रिल, शनिवार

खांदा: आठ. दोन लग्नं, दोन्हीकडे आठांचा. दुसरी नवरी इतकी हळू चालली की मला वाटलं, वाटेत तिचा विचार बदलतोय.

घरी आल्यावर लेकीचा हॉलवरून फोन आला. खुर्च्या किती मांडायच्या ते ठरवत होती. सगळं झाल्यावर विचारलं, “त्या दिवशी तू कुठे बसणार बाबा?”

“माझ्या जागेवर. डावीकडच्या कोपऱ्यात, खिडकीच्या बाजूला. तिथून दार नीट दिसतं.”

पलीकडून काहीच आवाज नाही. दोनदा हॅलो म्हटलं. फोन कट झाला होता की काय कोण जाणे. मग एकदम म्हणाली, “बरं. आईला दे.” हॉलच्या मागच्या बाजूला रेंजच नसते.

९ एप्रिल, बुधवार

खांदा: सहा.

मी जिंकलो. दवाखान्यात तिला भेटायलाच गेलो. जेवणाच्या सुट्टीत त्या काचेच्या खोलीत बसलो. आतली शांतता इतकी की स्वतःचा श्वास ऐकू येतो. मला दोन मिनिटांत बाहेर पडावंसं वाटलं. मी म्हटलं, बघ पोरी, खांदा असा झालाय, पुढच्या वर्षी वाजवेन की नाही माहीत नाही. तुझ्यासाठी एकदा वाजवू दे.

ती बराच वेळ डब्याच्या झाकणाशी खेळत होती. मग म्हणाली, “बरं, वाजवा. आठांचाच वाजवा. तो ऐकला की मला अजून शनिवार आठवतो.”

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. लहानपणापासून ऐकलेलं मुलं विसरत नाहीत. घरी येऊन हिला हे सांगितलं, अगदी तिच्या शब्दांत. ही भांडी लावता लावता थांबली, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तुम्हाला खरंच काही कळत नाही का हो?” आणि उरलेली भांडी जरा जोरात लावली. आनंदाच्या बातमीवर चिडणारी बायको मी पहिल्यांदाच बघितली.

२० एप्रिल, रविवार

खांदा: चार. सुट्टी.

लेकीची खोली आवरायला काढली. तिने सांगितलंय, जुनं सगळं टाका. पलंगाखालच्या खोक्यात तिची शाळेतली चित्रं सापडली. एक आमच्या बैठकीच्या खोलीचं. ही सोफ्यावर, लेक खाली बसून काहीतरी कापतेय, टेबलावर केक आणि सात मेणबत्त्या. जिथे माझा चेलो उभा असतो तो कोपरा मात्र तिने कोराच ठेवला आहे. चौकट आखलीय, आत काही नाही. तपकिरी रंग संपला असेल.

हिला दाखवलं. हिने ते हातातून घेतलं आणि खोक्यात परत ठेवलं नाही, कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं. मी म्हटलं, केक तरी छान काढलाय. ही म्हणाली, “केक मी आणला होता. शनिवार होता तो.”

सातवा वाढदिवस. मला आठवेना. त्या दिवशी कोणाचं लग्न होतं तेही आठवलं नाही.

२६ एप्रिल, शनिवार

खांदा: सात.

‘काहीतरी वेगळं’वाल्यांचं लग्न झालं. नवरी वडिलांच्या हाताला धरून आली. वडील कोपऱ्याकडे, म्हणजे आमच्याकडे, बघत चालले होते. पाय मुलीच्या पायाशी जुळत नव्हते. असं नेहमीच बघतो. नवरी टेबलाशी पोचली, मी मान हलवली, थांबलो.

सामान भरताना मौनी बोलला. मौनी महिन्यातून एकदा बोलतो, म्हणून तारीख टाकून लिहितो.

“तुझ्या मुलीबरोबर कोण चालणार?”

“तिची आई असेल. मला सांगितलं नाही.”

“तू विचारलंस?”

“मी कसा विचारणार? मी वाजवणार आहे.”

मौनीने व्हिओलाची पेटी बंद केली, दोन्ही कड्या लावल्या. “तेच म्हणतोय मी,” तो म्हणाला आणि गेला.

२७ एप्रिल, रविवार

खांदा: लक्ष नव्हतं.

सकाळी फोन केला. कोण चालणार तुझ्याबरोबर? म्हणाली, “कोणी नाही. एकटीच. आई रडून रडून दारातच बसेल.” मी विचारलं, मी आलो तर? हे विचारताना माझीच पाचावर धारण बसली होती. एवढ्या वर्षांत मी दारापासून टेबलापर्यंत एकदाही चाललेलो नाही.

ती ताबडतोब म्हणाली, “आणि चेलो?”

“बघतो कोणी मिळतं का.”

“नाही मिळालं तर?”

“तर तिघं वाजवतील.”

“मिळालं नाही तर तू कोपऱ्यात बसशील ना बाबा? खरं सांग. आत्ता सांग, मग मी तशी तयारी करते.”

कसली तयारी ते कळलं नाही, पण आवाज असा होता की मी शपथ घेतली. चालणार म्हणजे चालणार. हिला सांगितलं तर हिने दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं, लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी धरायची तसं. खांदा थोडा दुखला, मी बोललो नाही.

२ मे, शुक्रवार

खांदा: सहा.

चार जणांना विचारलं, चौघांनी बुधवार म्हटल्यावर हात वर केले. शेवटी सरांकडे गेलो. मी बारा वर्षांचा असताना त्यांनी माझ्या हातात पहिल्यांदा गज दिला. आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या. घाबरत घाबरत विचारलं.

“आठच स्वर आहेत ना?” सर म्हणाले. “येतो. पण कोण चालतंय, कुठवर आलंय, ते मला विचारू नकोस. मला माझा गज दिसत नाही.”

मग म्हणाले, “तू अजून तोच वाजवतोस? मी तुला इतर गोष्टीही शिकवल्या होत्या.” मी चहाचा कप धुऊन ठेवला आणि निघालो.

६ मे, मंगळवार

खांदा: पाच.

सरांसकट सराव झाला. सर उत्तम वाजवतात, माझ्यापेक्षा उत्तम. तेच आठ स्वर, पण प्रत्येक स्वर आपल्या पायावर उभा. ऐकताना बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

प्रश्न एकच होता: थांबायचं कधी? सरांना दिसत नाही. दातवाले म्हणाले, मी बघतो. पोस्टाच्या बाई म्हणाल्या, “तुम्ही बघाल आणि वाजवायचं विसराल. त्यापेक्षा हेच चालणार आहेत ना समोरून? टेबलाशी पोचले की यांनीच मान हलवायची. आम्हाला यांचीच मान कळते.” सगळ्यांना पटलं. त्या दिवशी तिघंही कागदाऐवजी माझ्याकडे बघत वाजवणार. आठांचा त्यांनाही पाठ आहेच, उगाच कागद लावतात.

१३ मे, मंगळवार

खांदा: चार.

हिला बरोबर घेऊन बोळात चालून बघितलं. हात कसा द्यायचा ते कळेना. डावा हात सवयीने तारा दाबायला वर जातो. ही म्हणाली, “हात खाली. तुमच्या हातात काही नाहीये.” गुडघाही कट्कट् करतो, हे खांद्याच्या नादात लक्षातच आलं नव्हतं. संगीताखाली झाकलं जाईल.

थकलोय. उद्याच्या विचाराने नव्हे, एकूणच.

१५ मे, गुरुवार

काल लिहायला सुचलं नाही, आज सगळं लिहितो.

हॉल तोच, ज्यात मी हजारदा वाजवलं. पण दारातून तो लांबलचक दिसतो. कोपऱ्यातून नवऱ्या मला एवढ्या एवढ्याशा दिसायच्या, पटकन पोचायच्या. दारात उभं राहिल्यावर कळलं की टेबल फार दूर आहे. लेकीने माझ्या कोटाची बाही घट्ट धरली होती. तिचा हात गार होता. कोपऱ्यात सरांनी पहिला स्वर लावला.

चालायला लागलो. आणि मी, खोटं कशाला लिहू, कोपऱ्याकडे बघत होतो. दातवाले घाई करत होते. मनात फेऱ्या मोजत होतो, पाचवी, सहावी. माझे पाय मुलीच्या पायांशी जुळत नव्हते.

अर्ध्या वाटेवर तिने बाही ओढली. समोरच बघत, ओठ न हलवता म्हणाली, “बाबा, आहेस ना?”

मी मान हलवली. नीट, पूर्ण, हनुवटी छातीला लागेपर्यंत. आहे म्हणून.

आणि संगीत थांबलं.

बावीस वर्षांत आम्ही इतके एकत्र कधी थांबलो नव्हतो. दातवाल्यांचा गज हवेत तसाच राहिला. सर तेवढे एक स्वर पुढे गेले, एकटेच, मग तेही गप्प झाले. लोक माना वळवून बघायला लागले. कोणी खोकलंही नाही. स्वतःच्या मुलीच्या लग्नात मी काशी केली होती. मी कोपऱ्याकडे वळून डोळ्यांनी खुणा करायला लागलो, चालू करा, चालू करा, तोच तिने माझा दंड धरून मला वळवलं.

“नको. राहू दे.”

“अगं, पण…”

“राहू दे ना बाबा. चल.”

चाललो. फरशीवर तिच्या टाचा वाजत होत्या. चप्पल तिच्या आईने घेतलेली, जरा मोठी. डाव्या पायाची टाच थोडी घासत होती. तिचा श्वास ऐकू येत होता. ती लहानपणी जिना चढून आली की असाच श्वास घ्यायची, हे मला आठवलं, आणि एवढंच आठवलं. त्या पुढचं, सातव्या वाढदिवसाचं, दहाव्या, बाराव्या, काही काही आठवलं नाही, कारण तिथे मी नव्हतोच. तो ऐकला की तिला शनिवार आठवतो. कोणता शनिवार ते मला हॉलच्या मध्यावर कळलं. घरातून चेलो निघून गेलेला, कोपरा मोकळा, केक आईने आणलेला. चित्रातला तपकिरी रंग संपला नव्हता.

मला रडू यायला लागलं आणि मी ते लपवलं नाही. तेवढ्यात ती वाकून कुजबुजली, “बाबा, तुझा गुडघा वाजतोय.”

“माहितेय.”

“छान वाजतोय,” ती म्हणाली आणि हसली, आणि मग तीही रडायला लागली. सोळा पावलं उरली होती. आम्ही ती अशी चाललो, माझा गुडघा, तिची टाच, दुसरं काही नाही. पाय जुळले होते. टेबलाशी पोचल्यावर मान हलवायची मला आठवलंही नाही, आणि हलवून करायचं तरी काय होतं.

नंतर दातवाले शरमेने लाल होऊन माफी मागत होते. पोस्टाच्या बाई म्हणत होत्या, मान हलली, मी काय करणार. मौनी काही बोलला नाही, त्याचा कोटा संपला होता. लोक म्हणाले, मध्येच संगीत थांबवायची कल्पना फार सुंदर होती, कोणाची? लेक म्हणाली, “बाबांची.”

खांद्याचं विसरलो. काल दुखला होता की नाही सांगता येणार नाही.

१७ मे, शनिवार

खांदा: तीन.

आज दोन लग्नं आहेत. सकाळी पेटी काढली, पट्टे लावले, दाराशी नेऊन ठेवली. मग बराच वेळ पेटीशेजारी स्टुलावर बसलो. ही आतून बघत होती. शेवटी सरांना फोन केला. सर म्हणाले, “आठच ना? येतो.” पेटी परत कोपऱ्यात नेली.

अकराच्या सुमारास लेकीचा फोन आला. नव्या घरात पडद्याचे दांडे किती उंचीवर लावायचे ते आईला विचारायचं होतं. आई आंघोळीला गेलीय म्हटलं.

“तू निघाला नाहीस अजून? शनिवार आहे ना आज?”

“सरांना पाठवलंय. मी घरी आहे.”

पलीकडून काहीच आवाज नाही. मी हॅलो म्हटलं नाही. फोन कट झाला नव्हता. रिसीव्हर कानाला लावून तसाच बसून राहिलो, दांड्यांची उंची ती विचारेल तेव्हा विचारेल.